कॅल्सिडनचा निर्णय : वाद शब्दांचा की तत्त्वाचा?

इ. स. ४५१ मध्ये कॅल्सिडन येथे भरलेल्या धर्मपरिषदेने ख्रिस्ताच्या ठायी एक व्यक्ती व दोन स्वभाव आहेत, असा निर्णय दिला. या निर्णयावर दोन आक्षेप वारंवार घेतले जातात. मूळ तंटा केवळ शब्दांचा होता, हा पहिला. आणि परिषदेचे उत्तर निव्वळ निषेधात्मक आहे, हा दुसरा. दोहोंत तथ्यांश आहे. परंतु ते जसेच्या तसे मान्य करता येत नाहीत.

शब्दांचा घोटाळा झाला होता, हे खरे. अलेक्झांड्रियाचा सिरिल 'फ्यूसिस' हा ग्रीक शब्द पुष्कळदा एका मूर्त, सजीव सत्तेस उद्देशून वापरी. अँटिऑकच्या परंपरेत त्याचा रोख देवत्व व मनुष्यत्व यांच्या भिन्न गुणधर्मांकडे असे. साहजिकच एकाचा 'एक स्वभाव' दुसऱ्यास मनुष्यत्वाचा लोप वाटला, तर दुसऱ्याचे 'दोन स्वभाव' पहिल्यास दोन पुत्र वाटले. शिवाय सिरिलने अथानेशियसचे समजून स्वीकारलेले 'एक स्वभाव' हे सूत्र वस्तुतः अपोलिनारियसच्या लेखनातून आले होते. आणि ख्रिस्तास मानवी बुद्धी नव्हती, हे त्याचे मत तर ३८१ मध्येच त्याज्य ठरले होते.

तथापि प्रश्न कोशातील अर्थाने मिटणारा नव्हता. जे मनुष्यत्व ईश्वराने स्वीकारलेच नाही, त्याचा उद्धार कसा व्हावा? आणि क्रुसावर दुःख भोगणारा स्वतः ईश्वरपुत्र नसेल, तर त्या मरणाने तारण कसे घडावे? मरियेस 'थिओटोकोस' म्हणजे ईश्वरजननी म्हणण्यास नेस्टोरियस कचरला, तो अविकारी ईश्वरास विकार चिकटू नये म्हणून. सिरिलने आग्रह धरला, तो तारणकर्ता दुभंगू नये म्हणून. दोघांचीही भीती खरी होती.

आता दुसरा आक्षेप. अमिश्रित, अपरिवर्तित, अविभाजित, अवियुक्त ही चार विशेषणे निषेधरूप आहेत, यात शंका नाही. पहिली दोन युटिकीसच्या मतास आवर घालतात; उरलेली दोन नेस्टोरियसवर आरोपिलेल्या मतास. परंतु त्याच निवेदनात 'तोच एक' हे पद पुनःपुन्हा येते, याकडे टीकाकारांचे दुर्लक्ष होते. सर्व क्रियांचा कर्ता एकच, अनादि पुत्र, हे परिषदेचे विधायक प्रतिपादन होय. खरी उणीव निराळी आहे : त्या एका कर्त्याच्या ठायी मानवी इच्छाशक्तीचे स्थान काय, हे तेथे सांगितलेले नाही. ते काम ६८०-८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेस करावे लागले.

१९७३ मध्ये रोम व कॉप्टिक चर्च यांनी, आणि १९९४ मध्ये रोम व पूर्वेकडील अ‍ॅसिरियन चर्च यांनी, संयुक्त निवेदने काढून ख्रिस्तविषयक समान श्रद्धा मान्य केली. यावरून वाद पोकळ होता, असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल. शब्द भिन्न असताही ज्याचे रक्षण करावयाचे ते एकच होते, म्हणूनच हा समेट शक्य झाला. मराठी अभ्यासकानेही येथे सावध असावे. 'फ्यूसिस'साठी 'प्रकृती' योजताच सांख्यांचे अचेतन तत्त्व मनात उभे राहते. 'स्वभाव' म्हणावे, तर वाचक त्याचा अर्थ मनोवृत्ती असा घेतो. परिभाषा ठरविण्यापूर्वी तिच्यामागील भीती ओळखणे, हाच या इतिहासाचा बोध होय.