क्लिष्टतेचें माप

संगणकाच्या आज्ञावलीस वाङ्मय म्हणावें कीं नाहीं, हा वाद आम्ही येथें उपस्थित करीत नाहीं. परंतु आज्ञावली हा लिहिलेला मजकूर आहे, एवढें तरी कोणीहि मान्य करील. तो यंत्रासाठीं लिहिला जात असला तरी दुरुस्त करावयाचा झाल्यास माणसालाच वाचावा लागतो, आणि बहुधा वाचणारा माणूस लिहिणाऱ्याहून निराळा असतो. आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरांतील मुलें-मुली पुण्यामुंबईस किंवा परदेशीं या धंद्यांत आहेत. त्यांच्या कामाचा मोठा भाग नवें लिहिण्याचा नसून दुसऱ्यानें लिहिलेलें समजून घेण्याचा असतो. १९९० नंतरच्या दशकांत सन २००० च्या तारखांचा घोळ निस्तरण्याचें जें प्रचंड काम भारतांत आलें, तें तर बव्हंशीं वाचनाचेंच होतें: अमेरिकेंत कोणीं एकानें वीस-तीस वर्षांपूर्वीं कोबोल भाषेंत लिहून ठेवलेल्या ओळींत वर्षाचे दोनच अंक कोठें धरले आहेत, तें हुडकून काढावयाचें. ज्या मजकुरावर इतक्या कुटुंबांचा चरितार्थ चालतो, त्याच्या गुणदोषांची चर्चा टीकाकारानें करूं नये असें थोडेंच आहे!

आमच्या साहित्यशास्त्रानें क्लिष्टत्व हा दोष फार पूर्वींच सांगून ठेवला आहे. मम्मटानें काव्यप्रकाशांत त्याची गणना केली असून, ज्याचा अर्थ मनांत उतरण्यास अडथळा होऊन विलंब लागतो तें क्लिष्ट, असा त्याचा आशय आहे. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, या व्याख्येंत वाचक आहे. दोष शब्दांत असला तरी त्याची साक्ष वाचकाच्या मनांतच मिळते. आज्ञावलीच्या क्षेत्रांत मात्र गेलीं पन्नास वर्षें हाच दोष वाचकाला वगळून, केवळ मजकूर मोजून, आंकड्यांत पकडण्याचा उद्योग चालू आहे. त्या उद्योगाचा मूळ ग्रंथ—ग्रंथ कसला, तेरा पानांचा निबंध—म्हणजे टॉमस मॅकेब यांचा. ‘क्लिष्टतेचें एक माप’ अशा अर्थाच्या साध्या मथळ्याखालीं तो डिसेंबर १९७६ मध्यें आयईईई या संस्थेच्या सॉफ्टवेअरविषयक नियतकालिकांत प्रसिद्ध झाला.

मॅकेब त्या वेळीं अमेरिकेच्या संरक्षण खात्यांत होते, आणि त्यांच्यापुढचा प्रश्न व्यवहारी होता. मोठ्या आज्ञावलीचे तुकडे कसे पाडावे, म्हणजे ते तपासतां व सांभाळतां येतील? त्या काळीं कांहीं ठिकाणीं एक तुकडा पन्नास-साठ ओळींहून लांब असूं नये असा दंडक असे. मॅकेब यांनीं तो एका उदाहरणानें निकालांत काढला. पन्नास ओळींत ‘जर असें असेल तर तसें करा’ अशा पंचवीस अटी एकीखालीं एक लिहिल्या, तर प्रत्येक अटीपाशीं वाटा दुप्पट होत जातात, आणि वरून खालीं येण्याचे एकंदर मार्ग ३ कोटी ३५ लाखांवर जातात. ओळी मोजणाऱ्याच्या लेखीं तुकडा निर्दोष. पण सगळे मार्ग तपासूं म्हणणाऱ्याला जन्म पुरावयाचा नाहीं.

म्हणून लांबी सोडून त्यांनीं फांट्यांकडे लक्ष वळविलें. आज्ञावलीचा नकाशा काढावा. ओळीनें चालणाऱ्या आज्ञांचा प्रत्येक गट म्हणजे एक नाका, आणि एका गटावरून दुसऱ्यावर जाण्याची सोय म्हणजे एक रस्ता. रस्त्यांच्या संख्येंतून नाक्यांची संख्या वजा करून दोन मिळविले कीं त्या तुकड्याचा अंक निघतो. हाच हिशेब सोपा करून सांगावयाचा तर अटी मोजाव्या व त्यांत एक मिळवावा. एकहि अट नसेल तर अंक १. वरच्या पंचवीस अटींच्या तुकड्याचा २६. या अंकास सायक्लोमॅटिक अंक म्हणतात. तो सगळे मार्ग मोजीत नाहीं. ज्यांच्या मिश्रणानें बाकीचे मार्ग बनवितां येतात असे पायाभूत मार्ग किती, एवढेंच तो सांगतो. निदान तितक्या वेळां तरी तुकडा चालवून पाहावा, हा त्यांतून निघणारा उपदेश होय. अंक १० च्या वर जाऊं देऊं नये अशी मर्यादाहि मॅकेब यांनीं सुचविली; मात्र दहा या आंकड्यांत कांहीं जादू आहे असा दावा त्यांनीं केला नाहीं. शिवाय एक अपवादहि स्वतःच नोंदविला. एकाच निवडीनंतर एकमेकांशीं संबंध नसलेलीं पुष्कळ प्रकरणें ओळीनें मांडलेलीं असतील, तर तेथें ही मर्यादा लावणें गैरवाजवी ठरतें. या अपवादाकडे आम्हांस पुन्हां यावयाचें आहे.

निबंध म्हणून ही कृति आम्हांस आवडते. तींत पाल्हाळ नाहीं, आणि लेखकानें आपल्या सिद्धांताची सीमा आपणच आंखून दिली आहे. तिनें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर खरेंहि आहे. प्रश्न असा: हा तुकडा तपासावयास किती श्रम पडतील? या प्रश्नाची उपेक्षा केली म्हणजे काय होऊं शकतें याची चर्चा एकदां न्यायालयांतहि झाली. २०१३ मध्यें अमेरिकेंतील ओक्लाहोमा येथें टोयोटा मोटारीच्या एका अपघाताचा खटला चालला. त्या अपघातांत एक बाई मरण पावली होती व दुसरी जखमी झाली होती. तज्ज्ञ साक्षीदार मायकेल बार यांनीं इंजिनावर ताबा ठेवणाऱ्या आज्ञावलीविषयीं सांगितलें कीं, तिच्यांतील ६७ फंक्शनांचा अंक ५० च्या वर होता, आणि वेग वाढविणाऱ्या झडपेचा कोन ठरविणाऱ्या फंक्शनाचा तर १०० च्याहि वर. २०११ मधील नासाच्या तपासणींत वेग आपोआप वाढण्याचें इलेक्ट्रॉनिक कारण सिद्ध झालें नव्हतें, हेंहि न्यायानें सांगितलें पाहिजे. तरी ज्यूरीनें कंपनीस जबाबदार धरलें. अपघाताचें कारण कांहींहि असो, जी गोष्ट तपासून संपवितांच येत नाहीं ती निर्दोष आहे असें छातीठोकपणें सांगावयाचें कोणीं व कशाच्या बळावर?

परंतु पुढें धंद्यानें या अंकास भलत्याच प्रश्नाचें उत्तर विचारावयास आरंभ केला: हा मजकूर वाचणाऱ्यास किती कठीण जाईल? शार्दूलविक्रीडिताचे एकोणीस वर्ण बिनचूक बसले म्हणून श्लोकास काव्यत्व येत नाहीं. उलट वृत्तभंग झाला असतां तो दाखविणें हें टीकाकाराचें कामच आहे. मॅकेब यांच्या अंकाची योग्यता या वर्णगणनेइतकी आहे, अधिक नव्हे. तीन अटी एकीखालीं एक लिहा, किंवा एकीच्या पोटांत दुसरी व दुसरीच्या पोटांत तिसरी अशा लिहा. अंक चारच येतो. मार्ग मोजूं गेल्यास पहिल्या रचनेंत आठ भरतात व दुसरींत चार, म्हणजे गणिताच्या दृष्टीनें दुसरीच सोपी. वाचून पाहिलें तर अनुभव नेमका उलटा. पहिलींत एक अट संपली कीं ती विसरावयास मोकळीक असते. दुसरींत तिसऱ्या अटीपाशीं पोंचेपर्यंत आधींच्या दोन्ही मनांत धरून ठेवाव्या लागतात. १९८८ मध्यें मार्टिन शेपर्ड यांनीं या मापाची झडती घेणारा लेख लिहिला. हा अंक पुष्कळदां ओळींच्या संख्येचाच प्रतिनिधि ठरतो, आणि नुसत्या ओळी मोजल्या तरी काम तितकेंच, कांहीं वेळां अधिक चांगलें होतें, असें त्यांनीं दाखविलें. ज्या ओळींचा दंडक मॅकेब यांनीं मोडीत काढला तोच मागच्या दारानें परत आला म्हणावयाचा!

फेब्रुवारी २०१४ मधील ॲपलची चूक तर या मापाला मुळींच दिसली नसती. पलीकडचा सर्व्हर खरा आहे काय हें तपासणाऱ्या फंक्शनांत ‘गोटू फेल’ ही एकच ओळ लागोपाठ दोनदां लिहिली गेली होती. पहिली अटीच्या ताब्यांत होती. दुसरी अटीबाहेर पडल्यामुळें नेहमींच अंमलांत येई, आणि शेवटची तपासणी न होतांच सर्व ठीक असल्याचा निर्वाळा मिळे. बिनशर्त उडीनें अट वाढत नाहीं. अंकहि वाढत नाहीं. गोटू या आज्ञेविरुद्ध डायक्स्ट्रा यांचें प्रसिद्ध पत्र छापून आल्यास तोंवर ४६ वर्षें होत आलीं होतीं.

याहून वाईट प्रकार घडतो तो अंक हेंच ध्येय ठरविल्यावर. सर्व फंक्शनें दहाच्या आंत आणा, असा हुकूम सुटला कीं ३६ अंकाच्या फंक्शनाचे चार तुकडे होतात. ते दहाच्या आंत बसतात आणि वरिष्ठांचा तक्ता हिरवा होतो. पण तुकडे पडले कोठें? विषय जेथें संपतो तेथें नव्हे, तर अंक जेथें भरला तेथें. वाचणाऱ्यास आतां तीच हकीकत चार ठिकाणीं हिंडून गोळा करावी लागते, आणि प्रत्येक तुकड्यामागें एक मिळवावा लागत असल्यामुळें बेरीज केली तर ती पूर्वींपेक्षां वाढलेलीच भरते. एका मोठ्या वाक्याचीं चार वाक्यें केलीं, पण कर्ता पहिल्यांत व क्रियापद चौथ्यांत राहिलें, तर त्या लेखनास कोणी सुबोध म्हणेल काय?

मग क्लिष्टता कमी करावयाची कशी? प्रथम ती कोणाची हें पाहावें. फ्रेड ब्रुक्स यांनीं १९८६ च्या आपल्या निबंधांत विषयाच्या अंगची क्लिष्टता आणि लिहिणाऱ्यानें आपल्या पदरची घातलेली क्लिष्टता असा भेद केला आहे, आणि तो आम्हांस सर्वस्वीं पटतो. डिसेंबर २०२४ मध्यें जीएसटी परिषदेनें पॉपकॉर्नवरील कराचा खुलासा केला: मीठ-मसाल्याचें सुटें असेल तर ५ टक्के, तेंच वेष्टणांत भरून लेबल लावलेलें असेल तर १२, आणि साखरेच्या कॅरामलचें असेल तर १८. सप्टेंबर २०२५ मध्यें दरांची रचना पुन्हां बदलली. आतां बिलाची आज्ञावली लिहिणाऱ्यानें या अटी टाळाव्या कशा? त्यांबद्दल जाब विचारावयाचा तर तो परिषदेस विचारावा. लिहिणाऱ्याच्या हातीं एवढेंच आहे कीं, दर एका तक्त्यांत एके ठिकाणीं ठेवावे, शंभर ठिकाणच्या अटींत विखरूं नयेत.

हें ‘एके ठिकाणीं ठेवणें’ दिसतें तितकें सामान्य नाहीं. डेव्हिड पार्नस यांनीं १९७२ मध्यें सांगितलेलें तत्त्व हेंच होतें. कामाच्या पायऱ्यांप्रमाणें तुकडे न पाडतां, जो निर्णय पुढें बदलण्याचा संभव आहे तो एका तुकड्याच्या पोटांत दडवावा, म्हणजे तो बदलतांना बाकीच्यांस कळण्याचेंहि कारण पडत नाहीं. आमच्या मतें या विषयावर यापेक्षां मोलाचें लिहिलें गेलेलें नाहीं. रॉबर्ट मार्टिन यांच्या २००८ च्या ‘क्लीन कोड’ या पुस्तकांत फंक्शनें लहान असावीं, त्याहूनहि लहान असावीं, असा आग्रह आहे. स्टॅनफर्डचे जॉन ऑस्टरहाउट यांनीं २०१८ मध्यें त्याच्या उलट बाजू घेतली. दार लहान व घर खोल असावें, नुसत्या दारांची चाळ बांधूं नये, असें त्यांच्या म्हणण्याचें तात्पर्य आम्ही आमच्या शब्दांत सांगूं. या वादांत आमचा कौल ऑस्टरहाउट यांस आहे. ते पार्नस यांचे खरे वारस होत.

मोजणारेहि अगदींच स्वस्थ बसले नाहींत. अलीकडे सोनारसोर्स कंपनीच्या ॲन कॅम्पबेल यांनीं ‘कॉग्निटिव्ह’ म्हणजे आकलनाची क्लिष्टता मोजण्याची नवी रीत काढली. तिच्यांत पोटांतल्या अटीस अधिक भार मिळतो, आणि एका निवडीखालीं ओळीनें मांडलेलीं प्रकरणें कितीहि असलीं तरी त्यांबद्दल एकच गुण धरला जातो. म्हणजे मॅकेब यांनीं स्वतः सांगितलेला अपवाद चाळीस वर्षांनीं नियमांत आला. सुधारणा चांगली आहे. नांव मात्र पेलवण्यापलीकडचें आहे, कारण फंक्शनास नांव भलतेंच दिलें असेल तर तें याहि रीतीस कळत नाहीं, आणि वाचणारा तेथेंच अडतो.

१९८२ मध्यें ॲपलच्या लिसा संगणकाचें काम चालू असतां, दर आठवड्यास किती ओळी लिहिल्या याचा तक्ता भरून देण्याची आज्ञा झाली होती. बिल ॲटकिन्सन यांनीं त्याच सुमारास क्विकड्रॉ या चित्रे काढणाऱ्या आज्ञावलीचा एक भाग नव्यानें रचला होता. तो जवळजवळ सहापट वेगवान झाला आणि ओळी सुमारें दोन हजारांनीं घटल्या. त्यांनीं तक्त्यांत ‘उणे २०००’ असें भरून दिलें, आणि पुढें त्यांच्याकडे तक्ता मागणें बंद झालें, अशी हकीकत त्यांचे सहकारी अँडी हर्ट्झफेल्ड यांनीं लिहून ठेवली आहे. ॲटकिन्सन २०२५ मध्यें वारले. क्विकड्रॉचा व त्यांच्याच मॅकपेंटचा मूळ मजकूर कॅलिफोर्नियांतील संगणक-इतिहासाच्या संग्रहालयानें २०१० मध्यें खुला केला. मॅकपेंटचा पास्कल भाषेंतील भाग अवघा ५,८२२ ओळींचा आहे, आणि या धंद्यांतल्या तरुण वाचकांनीं एखाद्या सुटींत तो वाचून काढावा, अशी आमची शिफारस आहे.