एका बिलाचे रसग्रहण

मराठी समीक्षकांनी कथा, कविता, नाटक, कादंबरी, झालेच तर लग्नाच्या जाहिराती, या सगळ्यांची चिरफाड करून ठेवली आहे. पण बिल या वाङ्मयप्रकाराकडे कुणी ढुंकूनही पाहिलेले नाही. वास्तविक मध्यमवर्गीय माणूस आयुष्यात कवितांपेक्षा बिलेच जास्त वाचतो, आणि जास्त लक्ष देऊन वाचतो. कविता वाचून कुणी रात्री दोन वाजता अंथरुणातून उठला आणि पुन्हा एकदा बेरीज करून आला, असे मी तरी ऐकलेले नाही.

मी साहित्याचा विद्यार्थी नव्हे. बी. कॉम., तेही सेकंड क्लास, आणि त्यानंतर बावीस वर्षे बँकेत. पण आकड्यांच्या दोन ओळींमधले वाचायची सवय याच धंद्यात लागते. तेव्हा एका आंतरराष्ट्रीय कुरियर कंपनीने माझ्या नावे लिहिलेल्या बिलाचे रसग्रहण करण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेत आहे. कंपनीचे नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही. या घराण्यातल्या सगळ्यांची बंदिश एकच, फक्त गाडीचा रंग वेगळा.

आधी थोडी पार्श्वभूमी. आमच्या अण्णांना, म्हणजे वडिलांना, ‘मानापमाना’तल्या पदांची एल. पी. हवी होती. नाटक १९११ सालचे, अण्णा १९४३ सालचे. त्यांची मूळ रेकॉर्ड चाळीतून फ्लॅटमध्ये येताना कुठेतरी गहाळ झाली. मोबाइलवर तीच पदे काढून दिली तर पाच मिनिटे ऐकून म्हणाले, “छान आहे रे, पण यात खरखर नाही.” आता खरखर कुठून आणायची? शेवटी माझ्या मुलीने इंग्लंडमधल्या लेस्टर गावी जुन्या रेकॉर्डी विकणारा एक दुकानदार इंटरनेटवर हुडकला. रेकॉर्ड अठरा पौंड, पाठवणावळ वीस पौंड. रुपयात सगळे मिळून चार हजारांच्या आसपास. सौ. म्हणाली, “चार हजारांत खरखर महाग नाही पडली?” पण अण्णांकडे बघून तीही गप्प बसली.

गंमत म्हणजे ही रेकॉर्ड कोलकात्याजवळच्या दमदमची. तिथल्या ग्रामोफोन कंपनीच्या कारखान्यात तयार झालेली. म्हणजे मुलगी इथलीच, कुणाच्या तरी पेटीतून सासरी इंग्लंडला गेलेली, आणि आता इतक्या वर्षांनी माहेरी निघालेली. या माहेरवाशिणीला वेशीवर अडवून तिच्या येण्याजाण्याचा हिशेब मांडणारी कलाकृती म्हणजे प्रस्तुतचे बिल. साल २०२४, ऐन पावसाळा.

कृती चारच ओळींची आहे. पहिल्या ओळीत सीमाशुल्क आणि कर मिळून १,७०० रुपये. दुसरीत ‘अ‍ॅडव्हान्स पेमेंट फी’ ९५०. तिसरीत ‘क्लिअरन्स हँडलिंग’ ४००. चौथीत या दोन सेवांवर अठरा टक्के जी. एस. टी., २४३. एकूण ३,२९३.

पहिल्या ओळीबद्दल माझी तक्रार नाही. ती ओळ कुरियरची नव्हेच, ती सरकारची. कुरियरने फक्त उद्धृत केली आहे. सीमाशुल्काच्या दृष्टीने वस्तूची किंमत म्हणजे नुसती किंमत नव्हे, तिच्यात वाहतूक आणि विमाही धरायचा, असे २००७ चे मूल्यनिर्धारणाचे नियम सांगतात. म्हणजे रेकॉर्ड विमानात बसली त्या तिकिटावरही कर. मग त्या सगळ्यावर शुल्क, आणि शुल्क मिळवून जी बेरीज होईल तिच्यावर पुन्हा जी. एस. टी. वाणिज्य शाखेच्या माणसाला अशा चढत्या ताना नव्या नाहीत.

कृतीचे खरे सौंदर्य दुसऱ्या ओळीत आहे. कुरियर कंपनी विमानतळावर माझ्या वतीने सरकारकडे १,७०० रुपये भरते, पार्सल सोडवते, आणि तिसऱ्या दिवशी माझ्या दारात येऊन ते वसूल करते. या तीन दिवसांच्या उसनवारीबद्दल ९५० रुपये. याला मराठीत ‘आगाऊ शुल्क’ म्हणता येईल, आणि इथे भाषांतर मुळापेक्षा सरस उतरते, कारण इंग्रजी ‘अ‍ॅडव्हान्स’ला आपल्या ‘आगाऊ’मधला दुसरा अर्थ नाही.

सवयीने मी व्याज काढले. १,७०० रुपये मुद्दल, तीन दिवस, ९५० रुपये आकार. दर साल दर शेकडा सहा हजार सातशे नव्व्याण्णव टक्के, सरळव्याजाने. चक्रवाढीने करायला बसलो होतो, पण कॅल्क्युलेटरने माघार घेतली. पठाणी व्याज म्हणून आपण ज्या बिचाऱ्या पठाणांना बदनाम केले ते या मानाने सहकारी पतपेढीवाले वाटतात. आमच्या बँकेत घरासाठी कर्ज घ्यायला आलेला माणूस पाव टक्क्यासाठी अर्धा तास घासाघीस करतो आणि रास्तच करतो. इथे मला कर्ज हवे का, हेच कुणी विचारलेले नाही.

(आमचीही बँक एसएमएसचे पैसे कापते, हे मला माहीत आहे. वाचकांनी पत्रे पाठवू नयेत. ती माझ्याकडेच काउंटरवर येतात.)

आता प्रयोगाविषयी. बिल नुसते वाचायचे नसते, ते सादर व्हावे लागते. दारात रेनकोटातला एक मुलगा उभा होता, पार्सल पोटाशी धरून.

“काका, तीन हजार दोनशे त्र्याण्णव.”

“अरे, पैसे तर मी आधीच भरलेत. पाठवणावळीसकट.”

“ते पाठवायचे, काका. हे सोडवायचे.”

“आणि मी नाही दिले तर?”

“तर परत जाणार. मला काय, मी ऑफिसात जमा करीन.” आणि जरा थांबून, “तुमच्यासारखेच सगळे विचारतात, काका.”

त्या पोराशी भांडण्यात अर्थ नव्हता. त्या ९५० मधला एक रुपयाही त्याच्या खिशात जाणार नव्हता, आणि लोकांची बोलणी मात्र दिवसभर तोच खात होता. एवढ्यात आतून अण्णांचा आवाज आला, “आली का रे रेकॉर्ड?” आमच्या समीक्षेत ज्याला उत्कर्षबिंदू म्हणतात तो हाच. नाटककाराने पार्सल दाराच्या उंबऱ्यावर ठेवले आहे, आत एक म्हातारा माणूस वाट बघतो आहे, आणि मधे नायक पाकीट चाचपडतो आहे. या क्षणी ‘नको, परत घेऊन जा’ असे म्हणणारा माणूस निदान आमच्या सोसायटीत तरी नाही. सगळी रचना या एका क्षणाच्या भरवशावर उभी आहे, आणि मी तरी तिला याच कारणासाठी हीन दर्जाची रचना म्हणतो. आकाराबद्दल नव्हे, वेळेबद्दल. रेकॉर्डची किंमत, वजन, कुठून कुठे जाणार हे सगळे कंपनीला लेस्टरहून निघतानाच ठाऊक होते. आधार आणि पॅन यांच्या प्रतीही तिने वाटेत मागून घेतल्या. (नाट्यसंगीत ऐकायला पॅन कार्ड लागते हे अण्णांना अजून सांगितलेले नाही.) म्हणजे तिच्याशी पत्रव्यवहार चालू होता. फक्त रकमेचा विषय तेवढा निघाला नाही. रहस्यकथेत खुनी कोण ते शेवटच्या पानावर कळावे हे ठीक, पण खून आपलाच झाला हे शेवटच्या पानावर कळू नये.

कंपनीच्या ग्राहक कक्षातल्या बाईंना मी फोनवर हेच विचारले. त्या अतिशय गोड आवाजात म्हणाल्या, “सर, सगळे चार्जेस वेबसाइटवर दिलेले आहेत.” होते. ‘इतर सेवा’ या सदराखाली, दोन पाने उघडून तिसऱ्या पानावर. आमच्याकडे कर्जाच्या अर्जावर जी बारीक अक्षरे असतात ती मीच ग्राहकांना वाचून दाखवतो, तरी मला ते पान सापडायला एक चहा लागला.

कुठलीही कलाकृती परंपरेतून येते. या बिलाचे पूर्वज शोधायला परदेशात जायचे कारण नाही. बाजार समितीत शेतकऱ्याला मिळणारी पट्टी पाहा: हमाली, तोलाई, गाडीभाडे, आणि अडत. २०१६ साली राज्य सरकारने भाजीपाला आणि फळांवरची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असे ठरवले, पण बाकीच्या ओळी राहिल्याच. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकलेल्या शेतकऱ्याच्या हाती सगळी वजावट होऊन दोन रुपयांचा चेक पडला. त्या पट्टीपुढे माझे बिल म्हणजे हौशी कलावंताची कारागिरी. मी रेकॉर्ड तरी ऐकली. त्या गृहस्थाने दोन रुपयांत काय ऐकायचे? ‘ब्रोकरेज’ या शब्दाला टाय बांधला आहे इतकेच. घरचे नाव अडतच.

मेहुण्याचा मुलगा कॅनडात, टोरांटोजवळ असतो. त्याला हकिगत सांगितली तर तो हसला. तिकडे अमेरिकेतून मागवलेल्या वस्तूंवर हा अनुभव इतका जुना आहे, की लोकांनी पळवाट पाठ केली आहे: पार्सल आल्याचे कळले की कागद घेऊन जवळच्या सीमाशुल्क कार्यालयात स्वतः जायचे, कर स्वतः भरायचा आणि पावती कुरियरच्या हातात ठेवायची. मग दलाली द्यावी लागत नाही. अर्धा दिवस जातो आणि पेट्रोल जळते, पण म्हणे समाधान मिळते. तिथले टपाल खाते हेच काम ९.९५ डॉलरच्या ठरलेल्या आकारात करते, इंग्लंडचे ८ पौंडांत. आकार आवडो न आवडो, आधी ठाऊक असतो. युरोपीय संघाने तर जुलै २०२१ पासून दीडशे युरोपर्यंतच्या मालासाठी अशी सोय केली, की विक्रेत्याने कर विक्रीच्या वेळीच घ्यावा आणि भरावा. म्हणजे दारातला प्रवेश टाळता येतो. टाळायचा असेल तर.

अमेरिकेत आठशे डॉलरपर्यंतचा माल करमुक्त येई. ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ ला सगळ्या देशांसाठी बंद झाली. कर कुणी गोळा करायचा याचा पत्ता नसल्याने आपल्या टपाल खात्याने २५ ऑगस्टपासूनच तिकडची पार्सले घेणे थांबवले होते, ते १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू केले. तोवर दिवाळी दारात आली. आमच्या सोसायटीतल्या तीन आयांच्या चकल्या त्या काळात डब्यात भरून तयार होत्या, आणि भाजणीच्या पिठाचे सीमाशुल्काच्या दृष्टीने वर्गीकरण काय, यावर जिन्यात चर्चा चालू होती. एकीने शेवटी खासगी कुरियरने डबा पाठवला. फराळापेक्षा डब्याचा प्रवास महाग पडला. मुलाने फोनवर ‘आई, मस्त झाल्यात’ एवढेच सांगितले. तिकडे त्याच्या दारात आणखी काही मागितले की नाही, ते तो बोलला नाही. मुले बोलत नाहीत.

आपल्याकडेही पूर्वी पाच हजार रुपयांपर्यंतची भेटवस्तू करमुक्त येत असे. चीनमधल्या विक्रेत्यांनी सगळा माल ‘भेट’ म्हणून पाठवायला सुरुवात केली तेव्हा डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने ती खिडकी लावून घेतली. अपवाद ठेवले दोन, जीवरक्षक औषधे आणि राखी. आणि राखीपुढे कंस घालून लिहिले की राखीसोबतच्या भेटवस्तू मात्र धरायच्या नाहीत. या कंसाच्या लेखकाला मी मनापासून मानतो. बहिणीची माया आणि महसूल यांच्यामधली रेषा एवढ्या कमी शब्दांत कुणी आखलेली नाही.

एका गोष्टीची मात्र मला चेष्टा सुचत नाही. ‘तुमचे पार्सल कस्टममध्ये अडकले आहे, अमुक रक्कम भरा’ हा निरोप आजकाल भामट्यांचाही आवडता निरोप आहे. आमच्या शाखेत तशा इशाऱ्याची पाटी मी स्वतः चिकटवली आहे, आणि तिच्याखाली उभे राहून एका निवृत्त बाईंनी मला साठ हजार गेल्याचे सांगितले आहे. त्यामुळे खऱ्या कंपनीकडून अनोळखी नंबरवरून, लिंकसकट, आधार मागणारा निरोप आला की मी आधी चोर समजूनच वाचतो. खरा निरोप आणि खोटा निरोप शेजारी ठेवले तर भाषा एक, घाई एक. फरक एवढाच की खऱ्या निरोपात रक्कम नव्हती. भामटा निदान आकडा आधी सांगतो.

मी कंपनीला सविस्तर पत्र पाठवले. व्याजाचे गणित जोडले. उत्तर आले की आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा आहे, आणि आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल. मी हाताळणीला चार दिले. रेकॉर्ड खरोखर एक ओरखडा न पडता आली होती. आगाऊ शुल्काला तारा देण्याची सोय त्या फॉर्मात नव्हती.

परवा लेस्टरच्या दुकानदाराचा निरोप आला, की त्याच मालिकेतली आणखी एक एल. पी. हाती लागली आहे, हवी का. अण्णांना विचारायची गरज नव्हती. त्याला कळवले आहे की घाई नाही, साध्या टपालाने पाठवा. सहा आठवडे लागतील म्हणतो. अण्णा म्हणाले, चालेल, तोवर ही ऐकू.