स्वतःला गुण द्यायचे, पण कुठल्या पट्टीनं?

पीएचडीला यायचा विचार असेल तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. यूजीसीच्या २०२२च्या नियमावलीप्रमाणे दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे आपली प्रगती मांडावी लागते. मागच्या अहवालात मी लिहिलं होतं, ‘मुलाखती घेण्यात आल्या.’ मॅडमनी विचारलं, ‘कोणी घेतल्या?’ घेतल्या मीच! पण ‘मी’ लिहिताना आपलीच टिमकी वाजवतोय असं वाटत होतं. नोकरीत दरवर्षी स्वतःचं मूल्यमापन लिहून देणाऱ्या मैत्रिणींचंही हेच रडगाणं असतं.

या संकोचावरचा एक चांगला शोधनिबंध म्हणजे क्रिस्टीन एक्सली आणि जड केसलर यांचा, २०२२ साली ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये आलेला. त्यांनी लोकांकडून गणित-विज्ञानाचे २० प्रश्न सोडवून घेतले. मग ‘मी चाचणीत चांगली कामगिरी केली’ या वाक्याशी किती सहमत, ते ० ते १०० मध्ये सांगायला लावलं. स्त्री-पुरुषांची कामगिरी सारखीच होती. तरी पुरुषांनी स्वतःला सरासरी ६१ दिले, स्त्रियांनी ४६.

निबंधाची खरी ताकद यापुढे आहे. स्त्रियांना आपले गुण कमी वाटत असतील का? म्हणून खरे गुण आणि इतरांच्या तुलनेतलं स्थान सांगून टाकलं. फरक राहिलाच. मग नोकरी देणाऱ्यासमोर बढाई मारण्यात फरक असेल का? म्हणून बढाई मारून काही मिळण्याची सोयच काढून टाकली. तरीही राहिला. एकेक पर्यायी स्पष्टीकरण असं बाजूला काढणं, हे शिकण्यासाठी तरी हा निबंध वाचाच.

आता माझी तक्रार. एक म्हणजे, इथे २० पैकी किती बरोबर हा आकडा तरी होता. ऑफिसात किंवा पीएचडीत तोही नसतो. शिवाय प्रयोगातला वाचणारा अनोळखी. आपला अहवाल वाचणारे उद्या जिन्यात भेटणार असतात. त्यामुळे हे निष्कर्ष जसेच्या तसे आपल्याकडे लावताना जपून.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ४६ कमी की ६१ जास्त, हे निबंध सांगत नाही, सांगूही शकत नाही. २० पैकी १२ म्हणजे ‘चांगलं’ का? त्याची ठरलेली पट्टीच नाही. म्हणून ‘बायकांना आत्मविश्वास शिकवा’ असा अर्थ काढणं मला पटत नाही. आपले गुण माहीत असूनही फरक राहतो, तर दोष विचारण्याच्या पद्धतीत शोधायला हवा. फॉर्म विशेषण मागतो आणि माणसं आपापल्या स्वभावाप्रमाणे ते देतात. त्यावर कामाची तुलना करायची तर आपण मोजतोय काय?

या वेळी मी अहवाल बदलला. ‘मी १४ मुलाखती घेतल्या. ६ राहिल्या, कारण परवानगी उशिरा मिळाली. ३ मुलाखतींनंतर प्रश्नावलीतला चौथा प्रश्न बदलला.’ हे लिहिताना लाज वाटली नाही, कारण यात कौतुक नव्हतंच, हिशेब होता. तुम्हीही असाच लिहा.

शेवटी मात्र तो रकाना होताच: उत्तम, समाधानकारक, असमाधानकारक. मी ‘समाधानकारक’वर खूण केली. का, ते विचारू नका.