वादकांचा मेळ

वाद्ये एका पट्टीत मिळवली की वादक जुळले, ही समजूत मला अपुरी वाटते. १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेचेच पाहा. शिवकुमार शर्मांच्या संतूरचा स्वर उमटताच विरू लागतो. हरिप्रसाद चौरसियांची बासरी तो श्वासावर तोलून धरते. ब्रिजभूषण काब्रांची गिटार दोन स्वरांमधली वाट मींडेने जोडते. एकाच्या उणिवेपाशी दुसऱ्याला जागा सापडते. जुगलबंदीत पुष्कळदा उलट घडते: सवाल-जवाबांच्या चढाओढीत टाळ्या मिळतात, राग मात्र निसटतो. आमच्या सोनिवलीच्या भजनातला जाणता टाळकरीसुद्धा अभंगाचा शब्द झाकला जाऊ नये म्हणून हात आवरतो. माझ्या मते मेळ तो हाच: केव्हा वाजवावे याइतकेच केव्हा थांबावे, हे दुसऱ्याच्या स्वरावरून ओळखणे.