हवाबंद केबिन: विक्रम खरा, पण प्रश्न कोणता?

आमच्या पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेत एखाद्या पोराच्या हातून गॅसचा फुगा सुटला की सगळे वर बघतात. किती उंच गेला, एवढंच बोलतात. फुग्यांच्या इतिहासाचंही आपण तेच केलंय.

२७ मे १९३१ रोजी ऑग्युस्त पिकार आणि पॉल किप्फर हे जर्मनीतल्या आउग्सबुर्गहून अ‍ॅल्युमिनियमच्या हवाबंद गोळ्यात बसून १५,७८१ मीटरवर पोहोचले. तिथे हवेचा दाब जमिनीवरच्या जेमतेम एक दशांश असतो, म्हणून केबिन. उद्देश मुख्यतः वैश्विक किरण मोजण्याचा. झालं काय? गोळ्याला गळती लागली, ती व्हॅसलीन लावलेल्या बोळ्याने बुजवावी लागली. गोळा अर्धा काळा, अर्धा पांढरा होता. तो फिरवणारी मोटर चाललीच नाही आणि आत भट्टी झाली. झडपेची दोरी अडकली, उतरायला रात्र झाली. अशात मोजमापाकडे लक्ष किती राहणार? १९३२ मध्ये पिकारनी गोळा पूर्ण पांढरा केला, तर आत कडाक्याची थंडी!

आता खरी टीका. त्याच ऑगस्टमध्ये स्टुटगार्टच्या एरिख रेगेनर यांनी रबरी फुग्यांना स्वयंचलित उपकरण बांधून ते पिकारपेक्षा उंच पाठवलं. माणूस नाही, म्हणून केबिनही नाही. आपली टीआयएफआरही हैदराबादहून असेच मानवरहित फुगे सोडते. म्हणजे किरण मोजायला केबिन हा महागडा मार्ग होता. पण ‘माणूस तिथे जिवंत राहू शकतो का?’ या प्रश्नाला मात्र तिनेच उत्तर दिलं.

हाच निकष २६ नोव्हेंबर २००५ ला लावा. ६७ वर्षांचे विजयपत सिंघानिया मुंबईहून हवाबंद केबिनमधून, गरम हवेच्या फुग्याने २१,०२७ मीटरवर गेले आणि नाशिक जिल्ह्यात उतरले. धाडस जबरदस्त, विक्रम पक्का. पण वातावरणाचं संशोधन म्हणून तो खपवू नका.

पीएचडीचा प्रस्ताव लिहिताना मीही आधी उपकरण ठरवलं होतं, प्रश्न नंतर जुळवला. सहा महिने गेले. तुम्ही लिहाल तेव्हा स्वतःला एवढंच विचारा: माझ्या प्रश्नाला ही केबिन लागतेच का?