‘शेताला वाट आहे’ : कायद्याच्या मराठीतील एका हक्काचे नाव

दुसऱ्याच्या जमिनीवरून आपल्या जमिनीकडे जाण्याचा जो हक्क असतो, त्याला मराठीत नेमके काय म्हणावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ परिभाषाकारांचा आहे. परंतु ह्या नावाच्या संदिग्धतेमुळे खरा हक्क असलेला मनुष्यही दावा गमावू शकतो. म्हणून भाषाभ्यासकाने तो हाती घेणे अप्रस्तुत ठरू नये. प्रस्तुत लेखात ‘सुविधाधिकार’ आणि ‘वहिवाट’ ह्या दोन प्रचलित शब्दांची तपासणी करावयाची आहे. उदाहरणादाखल मंगळवेढ्याच्या शिवारातील शेतवाट घेतली आहे.

हे शिवार निवडण्याचे कारण असे की, येथे वाटेचे स्वरूप ऋतूप्रमाणे पालटते. मंगळवेढ्याची काळी जमीन रब्बी ज्वारीसाठी प्रसिद्ध आहे. ह्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पेरणी साधारणतः सप्टेंबर-ऑक्टोबरात होते व काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. रान मोकळे असते तेव्हा गाडी सरळ शेतातून जाते. पीक उभे राहिले की ती बांधाच्या कडेने वळते, आणि पावसाने माती चिकट झाली की चाक मुळीच चालत नाही. अशा वाटेची एकच एक रेषा नकाशावर सापडेलच असे नाही. तरीही ‘वाट आहे की नाही’ ह्याविषयी तिचा उपयोग करणाऱ्याच्या मनात संदेह नसतो.

आता कायद्याकडे वळू. ह्या हक्कांचा मूळ अधिनियम १८८२ चा असून १८९१ मध्ये तो मुंबई इलाख्यास लागू करण्यात आला. (मंगळवेढा १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होता, हे येथे लक्षात ठेवावे.) हक्काची व्याख्या कलम ४ मध्ये आहे. तीत दोन जमिनी गृहीत धरल्या आहेत : जिच्या उपभोगासाठी हक्क असतो ती आणि जिच्यावर त्याचा भार पडतो ती. पहिलीस आपण ‘लाभाची जमीन’ व दुसरीस ‘भाराची जमीन’ म्हणू. कलम ६ अन्वये असा हक्क ठरावीक काळापुरता, ठरावीक जागी वा ठरावीक प्रयोजनापुरता असू शकतो. म्हणजे ज्वारी निघाल्यावर पुढच्या पेरणीपर्यंतच चालणारी वाटही कायद्याच्या कक्षेत बसते. अधिनियमाच्या रचनेत उणीव नाही. उणीव आहे ती त्याच्या मराठी नावात.

‘सुविधाधिकार’ हा शब्द ‘ईझमेंट’ ह्या संज्ञेच्या व्युत्पत्तीवरून घडलेला दिसतो. त्या संज्ञेच्या मुळाशी ‘सोय, आराम’ हा जुन्या फ्रेंच भाषेतील अर्थ आहे. हिंदी पाठातील ‘सुखाचार’ हा शब्दही त्याच वाटेने आला असावा. भाषांतर झाले ते धातूचे. संकल्पना तशीच राहिली. मराठीत सुविधा कोणीतरी पुरवितो : सरकार पुरविते, नगरपालिका पुरविते, शेजारी पुरवितो. पुरविणारा ती काढूनही घेऊ शकतो. आणि नेमका हाच अर्थ ह्या हक्काच्या विरुद्ध टोकाचा आहे. ज्या अधिनियमात हा हक्क आहे त्याच अधिनियमात कलम ५२ पासून पुढे निव्वळ परवानगीचा वेगळा विचार केला आहे. अशी परवानगी सामान्यतः मागे घेता येते, हक्क तसा घेता येत नाही. कलम १५ प्रमाणे वीस वर्षांच्या उपभोगाने हक्क मिळावयाचा, तर तो उपभोग शांततेने, उघडपणे, अखंडपणे आणि हक्क म्हणून झालेला असावा लागतो. परवानगीने केलेल्या वापरातून तो निर्माण होत नाही. म्हणून ‘शेजारधर्म म्हणून वाट दिली होती’ हे एक वाक्य प्रतिवादीच्या फार उपयोगी पडते. ‘सुविधा’ हा शब्द वादीच्याच तोंडी घालणे म्हणजे ते वाक्य त्याच्याकडून आधीच वदवून घेणे होय.

‘वहिवाट’ हा शब्द ह्याहून पुष्कळ जिवंत आहे. त्यात ‘वाट’ ऐकू येते, चालत आलेला प्रघात ऐकू येतो. परंतु त्याचा दोष अतिव्याप्तीचा आहे. १९४८ च्या कूळकायद्याच्या मराठी नावात ‘कुळवहिवाट’ आहे. तेथे अर्थ कसण्याचा. बडोदे संस्थानात तालुक्याचा अंमलदार ‘वहिवाटदार’ म्हणविला जाई. तेथे अर्थ कारभाराचा. ‘जमीन आमच्या ताबेवहिवाटीत आहे’ असे दस्तऐवजात लिहितात. तेथे अर्थ कब्जाचा. आणि ‘जाण्यायेण्याची वहिवाट’ म्हणताना अर्थ वाटेच्या हक्काचा. ह्यांपैकी शेवटचे दोन अर्थ न्यायालयात एकमेकांस मारक ठरतात. बांधालगतची पट्टी मी मालक म्हणून वापरीत आलो, असे म्हणणाऱ्यास त्याच वापराच्या आधारे तिच्यावर वाटेचा हक्क मिळत नाही. कारण हा हक्क परक्या जमिनीवरच असू शकतो, आणि कलम १५ ला तो उपभोग ‘ह्या प्रकारचा हक्क म्हणून’ झालेला हवा असतो. ‘पट्टीवर आमची पूर्वापार वहिवाट आहे’ असे कैफियतीत लिहिणारा दोन परस्परविरोधी विधाने एकाच शब्दात करीत असतो, आणि त्याला त्याची जाणीव नसते.

खरेदीखताची भाषाही येथे तपासण्याजोगी आहे. एका कलमात ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण’ ह्यांसह व ‘जाण्यायेण्याच्या वहिवाटीच्या हक्कांसह’ जमीन दिली जाते. दुसऱ्या कलमात जमिनीवर गहाण, तारण, जप्ती, अन्नवस्त्र इत्यादी कसलाही बोजा नाही असे लिहून दिले जाते. मिळणारी वाट लिहिली जाते. द्यावी लागणारी वाट सहसा लिहिली जात नाही. बँकेचा बोजा ‘चढतो’ आणि ‘उतरतो’, त्याची नोंद होते. शेजाऱ्याच्या गाडीवाटेचा भार मात्र कधी चढलाच नाही अशा थाटात दस्त पुरा होतो, आणि तो नव्या खरेदीदारास पहिल्या नांगरटीच्या वेळी कळतो. हक्क आणि बोजा ही एकाच वस्तूची दोन नावे आहेत, हे आमच्या दस्तलेखनाने अद्याप पुरते मानलेले नाही.

तर मग योग्य शब्द कोणता? माझ्या मते शब्दाआधी वाक्य शोधावे, आणि ते वाक्य बोलीत तयार आहे. शेतकरी म्हणतो, ‘त्या शेताला वाट आहे’ किंवा ‘आतल्या पोटहिश्श्याला वाट उरली नाही’. हा ‘-ला’ बारकाईने पाहावा. ‘माझे शेत आहे’, ‘माझ्याकडे पैसे आहेत’ ह्या वाक्यांत स्वामी माणूस आहे. परंतु ‘घराला दार आहे’, ‘झाडाला फांदी आहे’ ह्या वाक्यांत ‘-ला’ अवयव-अवयवीचा संबंध दाखवितो. ‘शेताला वाट’ म्हणताना मराठी वाट ही माणसाची न मानता शेताचा अवयव मानते, ती परक्याच्या रानात असली तरीही. कायद्याचे तत्त्वही हेच आहे : हक्क जमिनीला चिकटलेला असतो, आणि लाभाची जमीन विकली म्हणजे विरुद्ध हेतू दिसत नसल्यास कलम १९ अन्वये तो तिच्याबरोबर जातो. ह्या वाक्यास ‘-तून’ हा प्रत्यय जोडला की भाराची जमीनही आत येते : ‘ह्या गटाला त्या गटातून वाट आहे.’ दोन प्रत्ययांत कायद्याच्या दोन्ही जमिनी बसल्या. ‘सुविधाधिकार’ ह्या सहा अक्षरी शब्दात त्यांपैकी एकही नाही.

ह्यावर असा आक्षेप येईल की, गाववाटही ‘शेताला’च असते, मग सार्वजनिक रस्ता आणि हा हक्क ह्यांत भेद कसा करावा? आक्षेप रास्त आहे. परंतु सार्वजनिक रस्त्याच्या वाक्यात ‘-तून’ने दाखविलेली भाराची जमीन येत नाही. भेद तेथेच दिसतो.

हा विचार निव्वळ शब्दांचा नाही. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १४३ तहसीलदारास हद्दीवरून जाण्याच्या वाटेचा निर्णय देण्याचा अधिकार देते. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली शेताकडे जाणाऱ्या रूढ वाटेतील अडथळ्याविरुद्ध सहा महिन्यांच्या आत दाद मागता येते. २०२५ मध्ये शासनाने शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ सदरात घेण्याचे ठरविले, हे पाऊल स्वागतार्ह आहे. मात्र त्या सदरात नुसते ‘वहिवाट’ लिहिल्यास जुनाच गोंधळ नव्या कागदावर उतरेल. नोंदीत चार गोष्टी असाव्यात : कोणत्या गटाला, कोणत्या गटातून, कोणत्या बाजूने आणि कोणत्या हंगामात. आणि तीच नोंद दोन्ही गटांच्या उताऱ्यांवर असावी. एकावर हक्क म्हणून, दुसऱ्यावर भार म्हणून.

नावच हवे असेल तर ‘वाटेचा हक्क’, ‘पाण्याचा हक्क’, ‘उजेडवाऱ्याचा हक्क’ ही साधी नावे पुरेशी आहेत, आणि त्या सर्वांसाठी एक सामान्य संज्ञा विद्वानांनी सावकाश ठरवावी. तोपर्यंत दस्त लिहिणाऱ्याने आणि कैफियत मांडणाऱ्याने शेतकऱ्याचे वाक्य मोडू नये, एवढे झाले तरी पुष्कळ होईल.