संस्थांचीं संतनामें आणि कालनिर्णय

आष्टी हें नांव उच्चारतांच इतिहासाच्या वाचकास बापू गोखल्यांची आठवण होते. परंतु २० फेब्रुवारी १८१८ रोजीं बापू ज्या आष्टीजवळ पडले ती सोलापूर जिल्ह्यांतील. १९४२ च्या ऑगस्टांत उठाव झाला ती वर्धा जिल्ह्यांतील. आणि आम्ही जेथून लिहीत आहों ती बीड जिल्ह्यांतील. नामसादृश्यावर विसंबून केलेला निर्णय कसा फसतो, हें आष्टीकरांस वेगळें सांगावयास नको. ख्रिस्ती संस्थांच्या संतनामांविषयीं मराठी लेखनांत हाच दोष आढळतो. म्हणून हा विचार.

प्रथम शब्दच पाहूं. ‘सेंट’ व ‘संत’ हे एकाच मूळाचे, असें कित्येक समजतात. तें खरें नाहीं. आपला ‘संत’ हा अस् धातूच्या ‘सत्’ ह्या धातुसाधिताच्या ‘सन्तः’ ह्या बहुवचनापासून आला. ‘सेंट’ व पोर्तुगीज ‘सांतु’ हे लॅटिन ‘सांक्तुस्’ ह्यापासून आले. त्याचा अर्थ विधिपूर्वक पवित्र ठरविलेला. हा भेद केवळ व्युत्पत्तीचा नव्हे. आपल्याकडे संतपद लोक देतात, त्यास तिथि नसते. रोमन चर्चमध्यें उत्तरकालीन संतांस तें अधिकृत घोषणेनें मिळतें, आणि त्या घोषणेस तारीख असते. संशोधकाच्या उपयोगाची ती हीच.

उदाहरण घेऊं. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचें क्रिस्तपुराण प्रथम १६१६ सालीं गोव्याच्या साष्टींतील राशोल येथें छापलें. त्या आवृत्तीची एकही प्रत आज ज्ञात नाहीं. उतरून ठेवलेल्या शीर्षकावरून मुद्रणस्थळ ‘सर्व संतांचें कॉलेज’ होतें, असें कळतें. स्टीफन्स १६१९ त वारले. पुढें १६४० त त्यांचें कोंकणी व्याकरण त्याच राशोलास छापलें, तेव्हां शीर्षकावर ‘संत इग्नाशियसचें कॉलेज’ असें आलें. मधल्या काळांत, १२ मार्च १६२२ रोजीं, इग्नाशियस लोयोला व फ्रान्सिस झेवियर ह्या उभयतांस संतपद मिळालें होतें. अर्थात् ‘स्टीफन्स हे संत इग्नाशियसच्या कॉलेजांत क्रिस्तपुराण लिहीत होते’ असें कोणी म्हटल्यास तो कालविपर्यास होय. १६४० च्या शीर्षकावर जें नांव आलें, तें त्यांच्या हयातींत त्या संस्थेला असणें शक्य नव्हतें.

मात्र ह्या प्रमाणाच्या मर्यादा ध्यानांत ठेवाव्या. नांवावरून केवळ पूर्वसीमा मिळते, उत्तरसीमा नाहीं. प्रेषितांच्या नांवांपासून तेवढीही मिळत नाहीं. गोव्याचें सेंट पॉलचें कॉलेज, ज्याच्यामुळें जेझुइटांस ‘पावलिस्त’ म्हणूं लागले व जेथें १५५६ त छापखाना आला, त्याचा काल पावलाच्या नांवावरून ठरत नाहीं. तेथें दप्तरच पाहिलें पाहिजे. तसेंच, नकललेल्या पोथींत ‘सर्व संतांचें कॉलेज’ आढळलें, तर तें मूळ आवृत्तीचें द्योतक. पोथीचा कागद त्यामुळें जुना ठरत नाहीं. उलट १६२२ पूर्वीच्या मितीच्या पोथींत झेवियर ‘संत’ म्हणून आला, तर प्रत उत्तरकालीन असेल, किंवा तें पद भाविकांनीं आधींच दिलेलें असेल. निर्णय अन्य प्रमाणांनीं करावा.

दुसरा घोटाळा फ्रान्सिस नांवाचा. जुन्या गोव्यांतील मठ असीसीच्या फ्रान्सिसचा; त्यास १२२८ त संतपद मिळालें. मुंबईचें १८६९ चें सेंट झेवियर्स कॉलेज फ्रान्सिस झेवियरचें. नागपूरचें महाविद्यालय फ्रान्सिस द सेल्स ह्याचें; त्याचें संतपद १६६५ चें. ‘संत फ्रान्सिस’ एवढेंच लिहिणारा लेखक तीन शतकांतील तीन पुरुष एका नांवाखालीं कोंडतो. आमच्या तीन आष्ट्यांसारखेंच तें झालें.

पोथीसंग्राहकांस आमची विनंति एवढीच, कीं शीर्षक अथवा पुष्पिका उतरून घेतांना संस्थेचें नांव मुळांत असेल तसेंच, अक्षरशः उतरावें. ‘सां’ असेल तेथें ‘संत’ करूं नये, आजचें प्रचलित नांव घालूं नये, आणि संक्षेप फोडावयाचा तर तो टिपेंत फोडावा. मंगळूरास १९०७ त क्रिस्तपुराणाची रोमन लिपींतील आवृत्ति हस्तलिखितांवरूनच निघाली, आणि मूळ मुद्रित प्रती गेल्यावर आपणांस आधार उरला तो नकलकारांच्या इमानाचा. त्यांनीं राखलेलें एक नांव आज आपल्या कालनिर्णयास उपयोगी पडत आहे. तें आपण सुधारून घालवूं नये.